१४२८५७ : एका संख्येचा पाठ

लक्षांपर्यंतच्या संख्या वाचता व लिहिता आल्या, म्हणजे मोठ्या संख्यांचे शिक्षण संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः संख्येचा खरा परिचय तेथून सुरू होतो. या दृष्टीने १४२८५७ ही संख्या वरच्या इयत्तांतील शिक्षकांस फार उपयोगी पडेल. खडू, फळा व पाटी यांहून अधिक साधन तिला लागत नाही.

प्रथम मुलांकडून या संख्येचे २ ते ६ पर्यंतच्या अंकांनी गुणाकार करवून घ्यावेत. २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ व ८५७१४२ अशी उत्तरे येतात. अंक तेच सहा, त्यांचा क्रमही तोच. बदलते ते केवळ आरंभस्थान. हे शिक्षकाने सांगू नये; मुलांनाच शोधू द्यावे. नंतर ७ ने गुणावयास सांगावे. उत्तर ९९९९९९ येते.

पाठ येथेच थांबविल्यास मुले या संख्येस जादू समजून घरी जातील. चमत्कार दाखवून कारण झाकून ठेवणे हे गारुड्याचे काम, शिक्षकाचे नव्हे. कारण साध्या भागाकारात आहे. १० लक्षांस ७ ने भागावे. भागाकार १४२८५७ येतो. पायरीपायरीने उरणाऱ्या बाक्या ३, २, ६, ४, ५ व १ अशा आहेत. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. त्या सर्व येथे एकेकदा येऊन जातात. शेवटी १ उरतो, म्हणूनच सातपट १० लक्षांहून एकाने कमी, म्हणजे ९९९९९९ होते.

आता ३० लक्षांस ७ ने भागावे. ही तीच साखळी असून आरंभ मात्र ३ या बाकीपासून होतो; म्हणून भागाकार ४२८५७१ येतो. भाज्य तिप्पट, म्हणून भागाकारही तिप्पट. अंक का फिरतात, हे येथे उलगडते.

कारण खरोखर समजले की नाही, हे पाहण्यासाठी १० लक्षांस १३ ने भागावयास द्यावे. पहिल्या पायरीचे शून्य धरून ०७६९२३ मिळते. येथे बारांपैकी सहाच बाक्या येतात. २ ही बाकी त्यांत नाही. म्हणून दुप्पट केल्यास तेच अंक फिरत नाहीत, १५३८४६ हे निराळे चक्र मिळते.

हुशार मुलांस आणखी एक उदाहरण द्यावे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून मिळविल्यास मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शालेय शिक्षक होते. शाळेतील नित्याचे काम सांभाळून त्यांनी संख्यांचा व्यासंग केला, हे मुलांस अवश्य सांगावे.