चुन्याखालचे चित्र

वाचनपाठ : मत्तय २५:३१-४६, रोम. १३:१-४, इफिस. २:८, ९

इंग्लंडच्या पूर्वेस सफक परगण्यात वेनहॅस्टन नावाचे खेडे आहे. तेथील संत पेत्राचे उपासनामंदिर मध्ययुगातले. १८९२ साली त्याची दुरुस्ती चालू असता, वेदीपुढील कमानीत बसवलेल्या, चुना फासलेल्या जुन्या फळ्या कामकऱ्यांनी काढून बाहेर कबरस्थानात टाकून दिल्या. रात्री पाऊस पडला. चुना धुऊन गेला आणि टाकाऊ समजलेल्या त्या फळ्यांवर माणसांचे चेहरे दिसू लागले.

चित्र कशाचे?

ते शेवटल्या न्यायाचे चित्र होते. सुमारे १७ फूट रुंदीचे, इ. स. १५०० च्या सुमारास रंगवलेले. वर मेघधनुष्यावर प्रभू येशू न्यायाधीश म्हणून बसला आहे. खाली मिखाएल देवदूत तराजू धरून उभा आहे. एका बाजूस पेत्र तारलेल्यांचे स्वागत करतो. दुसऱ्या बाजूस नरक म्हणजे मोठ्या माशासारखा दात विचकलेला जबडा. पेत्रासमोरच्या लोकांत राजा आहे, बिशप आहे. पण अंगावर कोणाच्याच वस्त्र नाही. मुकुटावरून तेवढा राजा ओळखावा!

त्या काळी उपासना लॅटिन भाषेत होई आणि बहुतेक गावकऱ्यांना वाचता येत नसे. त्यांच्यासाठी ही भिंतच शास्त्राचे पान होती.

चुना का लागला?

सहावा एडवर्ड राजा (१५४७-१५५३) याच्या काळात सुधारणेचे वारे जोरात वाहू लागले. मंदिरांतील मूर्ती काढल्या गेल्या, चित्रांवर चुना फिरला. वेनहॅस्टनच्या फळ्यांवर वधस्तंभावरील प्रभूची व बाजूस मरीया आणि योहान यांच्या कोरीव मूर्ती बसवलेल्या होत्या. त्या गेल्या, मात्र चित्रकाराने त्यांच्याभोवतीच रंगकाम केले असल्याने त्यांच्या रिकाम्या आकृती आजही दिसतात. चित्राखाली इंग्रजीत रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयीची वचने लिहिली गेली. ती अजून तेथे आहेत.

आपण काय शिकावे?

आपण सुधारणेची लेकरे. वचन लोकांच्या भाषेत आले, याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. तराजू पाहून कोणी आपल्या सत्कृत्यांचे वजन मोजू लागेल, तर त्याला इफिसकरांस पत्र वाचून दाखवावे. तारण कृपेने आहे. पण याच चित्राच्या मध्यभागी वधस्तंभाची रिकामी जागा उरली आहे. न्यायासनाकडे पाहणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जाते. मूर्ती काढणाऱ्यांच्या मनातही नसेल अशी ही साक्ष आहे.

आणखी एक. ज्यांनी चुना लावला त्यांनी निदान विचार करून लावला. १८९२ साली फळ्या फेकणाऱ्यांनी त्यांकडे नीट पाहिलेही नाही. आपल्या मंडळीतील जुनी नोंदवही, शिलालेख किंवा लाकडी व्यासपीठ अडगळ म्हणून टाकण्यापूर्वी ते एकदा पुसून पाहावे. दर वेळी पाऊस आपल्या मदतीला येईलच असे नाही.

वर्गासाठी प्रश्न

१. चित्रातील राजाला वस्त्र नाही, मुकुट मात्र आहे. यावरून मुलांना काय सांगाल?
२. मत्तय २५ मध्ये न्याय कशावरून होतो? इफिस. २:८, ९ शी त्याचा मेळ कसा घालाल?
३. आपल्या मंदिरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? तिची हकिकत वडीलधाऱ्यांना विचारून या.