आधी पाणी पी

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. किनवटकडच्या गुड्यावर शाळा मिळाली, पदरमोड करून वह्या वाटल्या, तरी कोलामांची पोरं जवळ येत नाहीत. बदलीचा अर्ज टाकू का, असं विचारतोस. अर्ज काय, कधीही टाकता येईल. आधी एका माणसाची हकिगत ऐक.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया. जन्म १८७४चा, तिरुनेलवेलीकडच्या एका तमिळ खेड्यातला. वडील पाद्री, ते लवकर गेले, आईनं वाढवलं. मद्रासला शिकताना शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर आजारी पडले आणि पदवी हुकली. पुढं वायएमसीएमध्ये बस्तान बसलं, नाव झालं. ते सगळं सोडून १९०९ साली, पस्तिशीत, मिशनरी म्हणून डोर्नकलला गेले. आपलं हसनाबाद काय अन् डोर्नकल काय, दोन्ही तेव्हा निजामाच्याच राज्यात. पण तिथली भाषा तेलुगू, हे तमिळ. देशातल्या देशात परके. ते तेलुगू शिकले, बैलगाडीनं खेडी पालथी घातली, गाव ज्यांची सावली टाळायचं त्या माला-मादिगांच्या वस्त्यांत जाऊन बसले. २९ डिसेंबर १९१२ला कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. १ जानेवारी १९४५ला वारले, तेही डोर्नकललाच.

त्यांनी बांधलेलं कॅथीड्रल १९३९ साली खुलं झालं. त्याला घुमट आहेत, मिनार आहेत, खांबांवर कमळं कोरलेली आहेत. शेतावरून आलेल्या माणसाला तिथं बिचकायला होऊ नये, एवढी समज त्या बांधणीत आहे.

पण तुझ्या कामाची गोष्ट १९१०ची. एडिंबरोला मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली होती. सभागृहात बहुतेक सगळे गोरे. त्यांच्यासमोर हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला ते असं : तुम्ही आमच्यासाठी पैसा दिलात, कष्ट उपसलेत, जीवही दिलेत, पण बरोबरीची मैत्री दिली नाहीत, ती द्या. कित्येकांना ते झोंबलं. देणाऱ्याला हे ऐकणं जडच जातं, बाळा. तुलाही जाईल.

मलाही गेलं होतं. माझी पहिली नेमणूक लमाण तांड्यावर. मी घरून पाण्याचा तांब्या भरून न्यायचो. पाणी बाधतं, असं सांगायचो. मनात काय होतं ते मला ठाऊक. पोरांना पाट्या-पेन्सिली मीच आणायचो, अन् त्याचा तोराही होता. एक दिवस शाळा झाडणारी म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आमचं पाणी गोड आहे." रागानं नाही, नुसतं सांगितलं. दोन वर्षं मी काय केलं होतं ते त्या चार शब्दांत कळलं. दुसऱ्या दिवशी तांब्या घरीच ठेवला.

तेव्हा वह्या पुरे. कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बस, मिळेल तो कोरा चहा घे, आणि त्यांना तुझ्या खोलीवर जेवायला बोलाव. रोज एका पोराकडून एक कोलामी शब्द शीक. चुकशील तेव्हा पोरं हसतील, हसू दे. गुरुजींना जे येत नाही ते आपल्याला येतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळेल.

पुढच्या पत्रात दहा कोलामी शब्द लिहून पाठव. पहिला शब्द पाण्याचा असू दे. मग अर्जाचं बोलू.

तुझा,
मामा