२४० दिवस भरले, मग पुढे काय?

बारामती एमआयडीसीत ट्रेनिंगला गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "२४० दिवस भरले की परमनंट." मीही ते खरंच धरून चाललो होतो. कायदा वाचल्यावर कळलं, तसं काही नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की एक वर्षाची सलग सेवा धरतात, एवढंच. मग कपात म्हणून काढताना महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

पण आपल्या भागातला मोठा प्रश्न साखर कारखान्यांचा. माळेगाव असो की इंदापूर तालुक्यातलं भवानीनगर, गळीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी. ही कपात धरायची का? कराड तालुक्यातल्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या एका कामगाराचा खटला याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ चा निकाल म्हणतो, काम हंगामी असेल तर ही कपात नव्हे. वाचून वाईट वाटलं खरं. पण तो निकाल ज्याच्या आधारावर दिला, त्या पंजाबातल्या मोरिंडा कारखान्याच्या १९९५ च्या निकालात पुढचंही सांगितलंय. हंगामी कामगारांचं रजिस्टर ठेवा, नवा हंगाम सुरू होताना आजूबाजूच्या गावांत जाहीर करा आणि हजर होतील त्यांना ज्येष्ठतेप्रमाणे व कामाच्या गरजेप्रमाणे घ्या. म्हणजे बॉयलर पेटल्यावर जुन्याला डावलून नवाच माणूस घेतला, तर भांडायला आधार आहे. त्यासाठी मागच्या हंगामाचं हजेरीकार्ड आणि पगाराची स्लिप मात्र जपून ठेवायला हवी. तीच नेमकी घरात सापडत नाही!

एकट्याला काढलं आणि युनियन पाठीशी नसली, तरी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे स्वतः जाता येतं. मुदत दोन वर्षांची. "राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो" असं म्हटल्यावर सही केली, की काढलं हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

आता आपलं. ॲप्रेंटिस असाल तर यातलं काही लागू नाही. सुपरवायझरचं काम आणि पगार १८,००० च्या वर असेल, तर तुम्ही 'कामगार' नाही. मात्र कार्डावर इंजिनीअर लिहिलंय आणि दिवसभर मशीनच चालवताय, तर पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते बघतात.