नर नाही, मग पालीने अंडी घातली कशी?

प्रजननाचा धडा सुरू झाला की वर्गातून हा प्रश्न येतोच. आपल्या वाईत तो बहुधा कोंबडीवरून येतो : "सर, दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघत नाही?" परदेशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांची मुलं लेपर्ड गेको पाळतात, तिथे तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. पेटीत मादी एकटी, नराचं तोंडही न पाहिलेली, आणि सकाळी मातीत दोन अंडी! गेको म्हणजे शेवटी पालच.

उत्तर द्यायला लाजायचं कारण नाही. अंडं तयार करणं हे मादीच्या शरीराचं काम आहे, त्यासाठी नर लागत नाही. खाणं भरपूर, ऊब पुरेशी, वय झालेलं, की अंडाशयात बलक भरायला लागतो. बलक सुटून अंडनलिकेत येतो आणि त्याच्यावर कवच चढतं. नराचं शुक्र भेटायचं असेल तर ते कवच चढण्याआधीच, नंतर दार बंद. कोंबडीत हा सगळा प्रवास साधारण 25 तासांचा, त्यातले जवळजवळ 20 तास नुसत्या कवचाचे. शुक्र भेटलं नाही म्हणून कारखाना थांबत नाही, अंडं फक्त अफलित राहतं. फळ्यावर ही नळी एकदा काढून दाखवा, मुलांना चटकन कळतं.

मात्र 'एकटी आहे' म्हणजे 'नर कधी भेटलाच नाही' असं नव्हे. पालीची मादी शुक्र शरीरात कित्येक महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे दुकानातून मोठी मादी आणली असेल तर अंडी फलित निघूही शकतात. अफलित अंडं काही दिवसांत पिवळं पडतं, चेपतं, बुरशी धरतं. फलित अंड्याला अंधारात मागून बॅटरी लावली तर आत लालसर शिरा दिसतात.

आता पालकांसाठी, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. अंडं अफलित असलं तरी मादीचा खर्च तेवढाच होतो. कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतूनही जातं. खाण्यातून ते मिळालं नाही, किंवा अंडी पुरायला ओलसर जागा नसली, तर अंडी आतच अडकतात आणि मादी मरू शकते. म्हणून एकट्या मादीलाही किड्यांवर कॅल्शियमची पूड लावून द्यायची आणि ओल्या मातीचा डबा ठेवायचा. अंडी घालण्याआधी ती खाणं कमी करते, सारखी उकरते, हे नेहमीचंच. पण ती कुंथते आहे, अंगात त्राण नाही, डोळे खोल गेलेत असं दिसलं तर घरगुती उपाय नकोत, थेट प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. पोट दाबून अंडं काढायला तर अजिबात जाऊ नका.

वर्गासाठी मात्र पाळीव पाल कशाला हवी? संध्याकाळी दिवा लागला की खिडकीच्या काचेवर पाल येते. घरात उभं राहून बाहेरून चिकटलेल्या पालीचं पोट पाहा. मादी असली आणि दिवस भरत आले असले, तर पातळ कातडीतून पांढरी अंडी दिसतात, बहुतेक वेळा दोनच. मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरट फुगवटेही दिसतील. ती कॅल्शियमची शिदोरी, कवचासाठी साठवलेली. तसबिरीमागे किंवा जुन्या वाड्याच्या चौकटीत मिळणारी गोल टणक अंडी हिचीच. लेपर्ड गेकोचं कवच मात्र चामड्यासारखं मऊ असतं, म्हणून ती ओल्या मातीत पुरते. पकडापकडी नको, नुसतं बघायचं. आणि डोंगरावर दगड उलटून तर नकोच. चाळकेवाडीच्या पठारावरून 2008 मध्ये पालीची एक नवी जात नोंदवली गेली, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. असले जीव तिथे दगडाखालीच राहतात.

हुशार पोरगं पुढे विचारेल, "नराशिवाय पिल्लूच होत नाही का?" होतं, काही जातींत. पॅसिफिक बेटांवरच्या एका पालीत बहुतेक सगळ्या माद्याच असतात, त्यांच्या अफलित अंड्यांतून मादी पिल्लं निघतात. तेवढं लांब जायलाही नको. पावसाळ्यात कुंडी उकरताना गांडुळासारखा काळा, चकचकीत, वीतभर वाळा सापडतो. तो बिनविषारी साप आहे, आणि आजवर तपासलेले वाळे सगळे मादीच निघाले आहेत.