व्हायटिंग आणि चार नंबरचा गळ



डिसेंबरच्या सहलीला आपण द एंट्रन्सला गेलो होतो. सिडनीच्या उत्तरेला, टगेरा सरोवराचे पाणी जिथे समुद्राला मिळते, ते हे गाव. तिथे उथळ वाळूवर व्हायटिंग मिळतो, म्हणून आम्ही शिक्षकांनी हौसेने गळ विकत आणले होते. माशाचे तोंड इवलेसे, तेव्हा गळही इवलासा हवा, असा आमचा हिशोब! दहा नंबरचे, आखूड दांड्याचे गळ घेतले. काठ्या वाळूत रोवल्या आणि भेळ खायला बसलो.

मासे लागले, पण सगळे लहान. जवळजवळ प्रत्येकाने गळ घशापर्यंत गिळलेला. ओढून काढताना रक्त आले. सोडलेल्यांपैकी दोन पोट वर करून तरंगू लागले. आपल्या शिशुवर्गातल्या एका मुलीने विचारले, "ताई, आपण त्यांना सोडलं ना? मग ते पोहत का नाहीत?" आम्हाला धड उत्तर देता आले नाही. म्हणून या वेळचा पाठ गळाचा.

प्रथम मासा ओळखू या. इथला वाळूतला व्हायटिंग म्हणजे आपल्या कोकणातल्या मुडदुशीचा जवळचा नातेवाईक. दोघांचे शास्त्रीय कुळनाव एकच, सिलागो. आजीने रवा लावून तळलेली मुडदुशी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना चव सांगायला नको. इंग्लंडमधल्या भावंडांनी मात्र "आम्हीही व्हायटिंग पकडतो" असे पत्रात लिहिले, तर फसू नका. तो कॉड माशाच्या कुटुंबातला, नाव तेवढे एक.

आपला व्हायटिंग तळाशी वाळू हुंगत फिरतो. किडे, लहान खेकडे आणि यॅबी (वाळूत बिळे करणारी कोळंबीसारखी जात) हे त्याचे खाणे. तोंड लहान आणि पुढे लांबवता येणारे, त्यामुळे तो आमिष चावत नाही, ओढून घेतो. दोरी सैल असली की गळ सरळ आत जातो. आमच्या भेळेच्या वेळी नेमके हेच झाले.

आता गळाचे नंबर. ही गंमत नीट समजून घ्या. नंबर वाढला की गळ लहान होतो! सहा नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान, दहाचा त्याहून लहान. एकच्या पुढे मात्र १/०, २/० असे मोजतात आणि तिथून नंबरासोबत गळही मोठा होत जातो. व्हायटिंगसाठी लांब दांड्याचा चार किंवा सहा नंबरचा गळ घ्यावा. मुलांच्या हाती आम्ही यापुढे चारच देणार. लांब दांड्यावर किडा सरळ ओवता येतो आणि दांड्याचे टोक बहुधा माशाच्या ओठाबाहेर राहते, ते धरून गळ सोडवता येतो. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला तर आणखी सोपे. एवढे करूनही गळ खोल गेलाच, तर ओढू नका. तोंडाजवळ तंगूस कापा आणि मासा पाण्यात सोडा. गळ उपसण्यापेक्षा असे केल्यास तो जगण्याची शक्यता जास्त असते. डिसेंबरात आम्हाला हे ठाऊक नव्हते.

गळाची जोडणी भरती-ओहोटीच्या ओढीवर ठरते. आम्हाला आवडते ती सरकत्या शिशाची: मुख्य तंगुसात भोक असलेली शिशाची गोळी ओवायची, मग भोवरकडी बांधायची, भोवरकडीला सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर बारीक तंगूस, आणि त्याच्या टोकाला गळ. माशाने आमिष ओढले की तंगूस गोळीतून सरकतो, त्याला शिशाचे वजन कळत नाही. गोळी तळाला टेकेल, पण प्रवाहाबरोबर हळूहळू घरंगळेल, एवढीच जड हवी. व्हायटिंगला हलते आमिष आवडते. तुम्हीही दोरी सावकाश गुंडाळत राहा. पाण्याला ओढ लागली की गोळी बदला. लाटा जोरात असतील तर शिसे अगदी खाली आणि गळ त्याच्या वर आडव्या फांदीवर, अशी जोडणी टिकते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, ओढ जोरदार असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. म्हणून जाण्यापूर्वी घरातल्या मराठी कॅलेंडरकडे एक नजर टाकावी. पाणी चढू लागले की व्हायटिंग खाण्याच्या शोधात उथळ वाळूवर येतो, उतरू लागले की खोल पाण्याच्या कडेला जातो.

गळाच्या वर लाल नळी किंवा मणी घालावा का? एका काकांचा त्यावर फार विश्वास आहे. आम्हाला फरक दिसला नाही, पण शोभा येते.

पालकांसाठी: न्यू साउथ वेल्समध्ये नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २७ सेंटिमीटरपेक्षा लहान वाळूतला व्हायटिंग ठेवता येत नाही, आणि एकाला दिवसाला २० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. मोठ्यांनी मासेमारीची फी भरावी लागते, १८ वर्षांखालील मुलांना ती माफ आहे. नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. पट्टी आम्ही आणू, ओला टॉवेल तुम्ही आणा. कोरड्या हाताने मासा धरू नये.

शब्दार्थ: तंगूस – मासेमारीची नायलॉनची दोरी. भोवरकडी – दोन्ही टोके स्वतंत्र फिरतात अशी कडी. तिच्यामुळे दोरीला पीळ पडत नाही. गरवणे – गळाने मासे पकडणे.

स्वाध्याय:
१. हे गळ लहानापासून मोठ्यापर्यंत लावा: १/०, ६, १, १०, ४.
२. रविवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी भरती पूर्ण झाली. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, तर पुढची भरती केव्हा?
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या गावात मुडदुशीला काय म्हणतात? उत्तर वहीत लिहून आणा.