वाईहून धोमला चालत जाणाऱ्याला

बाळा, मित्रांना घेऊन कृष्णाकाठानं धोमला चालत जायचं म्हणतोस, तर वाईतून उजाडता उजाडता निघ. वाट पश्चिमेकडे जाते, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर राहतं. अंतर आठ-नऊ किलोमीटर. थंडीचे दिवस बरे. पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी चिकटते, की पाऊल उचलवत नाही.

नदीकाठानं सलग पायवाट मिळेल असं धरून चालू नकोस. कुठे ऊस थेट काठाला भिडलेला असतो, कुठे ओढा आडवा येतो. तिथे मुकाट्यानं पाणंद धरायची. बांधावरून एकामागोमाग चाला, गप्पा मारत जोडीनं नको. जोडीतल्या एकाचा पाय पिकात पडतोच. पाणी चालू असलेल्या रानात वाफ्यावर पाय देऊ नका. तेवढ्यानं वाफा फुटतो आणि पाणी धरणाऱ्या माणसाची सकाळ वाया जाते. काट्याची फांदी सरकवून आत गेलात तर सगळ्यात मागच्यानं ती परत लावायची. रानात माणूस दिसला की त्यानं ‘कोण गावचं?’ विचारायच्या आत आपणच रामराम घालायचा. चहा पुढे केला तर घ्यायचा. हुरडा दिला तर खायचा, मागायचा मात्र नाही.

वाट विचारतानाही बेतानं. ‘हा रस्ता धोमला जातो ना?’ म्हटलंस की समोरचा भिडेनं मान डोलावतो. ‘धोमला कसं जायचं?’ असं विचार, म्हणजे त्याला सांगावंच लागतं. ‘हे काय, इथंच’ म्हणाला तर अर्धा तास धर.

तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे घाईनं पुढे जाऊ नकोस. नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे घाट. ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथं झालं म्हणून लोक येतात, फोटो काढतात आणि घंटा न बघताच जातात! नीट बघ, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, तिथून आलेली ही घंटा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे नव्या बुटांचा भरवसा धरू नकोस.

वर धरण आहे हे विसरायचं नाही. नदीत पाणी सोडलं की कोरडे खडक बघता बघता बुडतात. पात्रातल्या दगडावर डबे उघडून बसायची हौस नको, काठावर सावलीत बसा. वडा-पिंपळाखाली बसण्याआधी मान वर करून आग्या मोहोळ नाही ना ते बघ. असलं तर विडीकाडी न पेटवता हळूच सरकायचं. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. दही-भात उन्हात आंबतो.

धोमच्या देवळात नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. कुंड भरलेलं असलं तर कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. रिकामं असलं तर हिरमुसू नकोस, कासवाची घडण तेव्हाच नीट दिसते.

परत चालत यायचा हट्ट करू नकोस, मावळतीनंतर अंधारात पाणंद सापडत नाही. शेवटची एसटी किती वाजता ते सकाळीच वाई स्टँडवर विचार, आणि धोमला पोचल्यावर पारावरच्या म्हाताऱ्यांना पुन्हा विचार. दोघांनी वेगळी वेळ सांगितली तर जी लवकरची, ती धर.