थीम बदलली आणि कविता गेल्या

गेल्या वर्षी मंडळाच्या साइटला नवं रूप द्यायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण वर्डप्रेस थोडंफार येतं असं मीच एकदा बोलून बसले होते. एक बटण दाबलं, नवी थीम लागली, मुखपृष्ठ झकास दिसायला लागलं. आणि सगळ्या कविता गायब! लेख होते, कथा होत्या, फोटो होते. कवितांचा विभागच नव्हता. सहा वर्षांच्या कविता. कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

कविता डेटाबेसमध्ये सुखरूप आहेत हे दोन दिवसांनी कळलं. झालं होतं असं की जुनी थीम कुणीतरी कुठूनतरी झिप फाइलमध्ये आणलेली होती, आणि ‘कविता’ हा मजकुराचा वेगळा प्रकार त्या थीमनंच नोंदवला होता. थीम गेली तशी ती नोंदही गेली. मजकूर जागच्या जागी, पण तो काय आहे हे वर्डप्रेसला सांगणारं कुणी उरलं नाही. जुनी थीम परत लावली, कविता परत आल्या. मग मी या थीम येतात कुठून, त्या तपासतं कोण, याचा शोध घेत बसले. परीक्षा तोंडावर होती, पण असो.

वर्डप्रेस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. त्यात थीमची व्यवस्था २००५ सालच्या १.५ आवृत्तीपासून आली. त्यानंतर साइटचं रूप ही वेगळी, सुटी, उचलून बदलता येणारी गोष्ट झाली आणि जगभरचे लोक आपापल्या थीम बनवून द्यायला लागले. २००८ मध्ये त्यांच्यासाठी अधिकृत संग्रह सुरू झाला. आज तिथे १०,०००हून अधिक थीम आहेत. त्या फुकट आहेत, पण हवं ते आणून टाकावं असा तो बाजार नाही. आलेली झिप आधी यंत्र तपासतं, मग माणूस. तपासणारे बहुतेक स्वयंसेवक. एका लेखकाची एका वेळी एकच नवी थीम रांगेत उभी राहू शकते. तळाशी स्वतःच्या नावाची एकच दुवा-ओळ ठेवता येते, जाहिरातींची रांग नाही. एवढं कडक का, तर सुरुवातीच्या काळात तळात गुपचूप प्रायोजकांचे दुवे पेरलेल्या थीम फार येत. २००८च्या शेवटी संग्रहातून शेकड्यांनी थीम काढून टाकाव्या लागल्या होत्या.

माझ्या कामाचा नियम मात्र वेगळाच निघाला. थीमनं फक्त दिसण्याचं काम करायचं. मजकुराचे नवे प्रकार तयार करणं हे प्लगिनचं क्षेत्र. म्हणजे आमची ती झिप संग्रहात गेली असती तर पहिल्याच तपासणीत परत आली असती. कारण सरळ आहे: वाचणाऱ्याचं किंवा लिहिणाऱ्याचं रूपावर काहीही प्रेम असो, रूप बदलल्यावर त्याचा मजकूर ओलीस राहता कामा नये.

रूप आणि आशय वेगळे करता येतात का, यावर आपण वर्गात तासन्‌तास बोललो आहोत, आणि बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. मीही म्हणते. पण फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाकडे बघा. जवळपास ११ हजार मराठी ओव्या, आणि १६१६ मध्ये राशोलला त्या छापल्या गेल्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आपल्या सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्यानं देशी लिपीत छपाई व्हावी म्हणून खटपट केली, १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इंग्लंडहून मुंबईला आलाही. पण त्याला छापता येत होतं, खिळे पाडता येत नव्हते. बेत फसला. क्रिस्तपुराण पुढे देवनागरीतही आलं, आणि ओवी ती ओवीच राहिली. रोमनमध्ये ती वाचताना मला अडखळायला होतं हे खरं. पण ती हरवली नाही. आमच्या कवितांचं जे झालं ते याहून वाईट होतं.

आता परवान्याकडे. संग्रहातली प्रत्येक थीम, तिच्यातल्या चित्रांसकट, जीपीएल किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली असावी लागते. यावरून मोठं भांडण झालेलं आहे. २००९ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरनं मत दिलं की थीममधला पीएचपी कोड वर्डप्रेसवरच उभा असल्यामुळे त्याला जीपीएल लागू होतो. चित्रं आणि सीएसएस यांना मात्र तसं बंधन नाही. २०१० मध्ये ‘थीसिस’ या विकाऊ थीमच्या कर्त्यानं आधी हे मानायला नकार दिला, मग कोडपुरतं मान्य केलं. कायद्याला तेवढं पुरतं. संग्रहाला पुरत नाही, तिथे सगळंच मोकळं हवं. ‘अनस्प्लॅश’वरचे फुकट फोटोसुद्धा, २०१७ मध्ये त्यांचा परवाना बदलल्यापासून, तिथे चालत नाहीत. मला आधी हा हट्ट वाटला. पण घेणाऱ्यानं थीम पुढे दिली, बदलली, विकली तरी त्याच्यावर कुणी दावा लावू नये, ही हमी एका फोटोपायीही मोडते.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. नियम काटेकोर असले तरी थीम लिहिणारे बहुतेक रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहितात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसतं. मराठीची शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पहिलं अक्षर मोठं करायची फॅशन तर विचारूच नका, ‘क्षितिज’चं काय होतं ते एकदा करून बघा. पुन्हा मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा. फॉन्टमध्ये सोय असली तरी पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर हिंदी वळणच समोर येतं.

म्हणून आम्ही दोन कामं केली. कवितांची नोंद एका छोट्याशा प्लगिनमध्ये हलवली. आता थीम कुठलीही लावा, त्या राहतात. आणि एका मूळ थीमवर मराठीसाठी दुरुस्त केलेली स्वतःची थीम बांधतो आहोत. ती संग्रहात द्यायची माझी इच्छा आहे. शीर्षभागासाठी मंडळातल्या एका मैत्रिणीनं तापीकाठाचं सुंदर रेखाटन केलंय. तिला मी सगळं समजावून सांगितलं: उद्या कुणीही हे चित्र घेईल, त्यात बदल करेल, विकेलसुद्धा, आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस. तिनं विचारलं, “आणि कुणी त्यावर साबणाची जाहिरात केली तर?” मी म्हटलं, करू शकतो.

चित्र तिनं परत नेलंय. पुढच्या बैठकीत सांगते म्हणाली.